साडेसातशे ग्रॅम

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. भाजीवाल्याचा नव्हे, आणि रद्दीवाल्याचा तर मुळीच नव्हे, उगाच गैरसमज नको. मी नुकत्याच जन्मलेल्या बाळांचं वजन करणारा काटा आहे. हातभर लांबीची माझी दांडी, वर धरायला मूठ, खाली एक आकडा आणि त्या आकड्याला टांगलेली कापडी झोळी. झोळीत बाळ ठेवायचं, मूठ धरून मला अलगद वर उचलायचं, की माझा काटा सरकत सरकत वजनावर येऊन थांबतो. माझ्या अंगावर तीन रंगांचे पट्टे आहेत. लाल म्हणजे बाळ फार अशक्त, लगेच दवाखान्यात न्या. पिवळा म्हणजे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. हिरवा म्हणजे बाळ चांगलं आहे, काळजी नको.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की एका चष्मेवाल्या बाईने माझ्या डोक्यावरचा स्क्रू पिळून काटा बरोबर शून्यावर आणला आणि मला खोक्यात घातलं. तिथून ट्रक, गोदाम, पुन्हा ट्रक असं करत मी धुळे जिल्ह्यात आलो. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला एक लहानसं गाव आहे. तिथल्या आशाताईंच्या, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीच्या, पिशवीत माझी जागा ठरली. त्यांचं नाव कस्तुरा. पिशवीत माझ्याबरोबर थर्मामीटर होतं, घड्याळ होतं, बॅटरी होती, पण मान माझा. मी निघालो की बायका अंगण झाडून बाज टाकायच्या.

उपकेंद्राच्या नर्सबाई म्हणजे कुंदा सिस्टर. त्यांनी पहिल्याच दिवशी कस्तुराला समोर बसवून शिकवलं. आधी रिकामी झोळी टांगायची. झोळीलाही वजन असतं. तिच्या वजनाने काटा खाली येतो, म्हणून स्क्रू पिळून त्याला शून्यावर आणायचं. मग बाळाचे कपडे काढायचे, आणि मगच बाळ झोळीत. काम झालं की झोळी काढायची आणि मोकळा काटा परत शून्यावर आणून ठेवायचा. कस्तुरा सातवी शिकलेली, पण हे एवढं तिने कधी चुकवलं नाही. बाळ रडो, सासू ओरडो, वर आभाळ फाटो, तिची बोटं आधी माझ्या स्क्रूवर जायची. मी तीनशेच्या वर बाळं तोलली आणि एकदाही खोटं बोललो नाही. मला त्याची घमेंड होती. होती म्हणतो, कारण आता ती राहिली नाही.

कस्तुराला एकच मुलगी, शीतल. मी आलो तेव्हा ती पाच वर्षांची होती. काय कार्टी होती म्हणून सांगू! आई शेतात गेली की मला खाली काढायची आणि झोळीत कोंबडी बसवायची. कोंबडी फडफडायची, माझा काटा वर-खाली नाचायचा आणि ही हसून लोटपोट. एकदा मांजराचं पिल्लू घातलं, त्याने झोळी फाडली, आणि कस्तुराने तिच्या पाठीत असा धपाटा घातला की विचारू नका. त्या झोळीच्या जागी कस्तुराने आपल्या जुन्या लुगड्याची दुहेरी झोळी शिवली. पहिलीपेक्षा जड, पण पक्की.

पुढे ही कार्टी शहाणी झाली. आईबरोबर घरोघर येऊ लागली, वही लिहू लागली. बारावीला होती तेव्हा तिने ठरवलं, नर्स व्हायचं. साधंसुधं नाही, चार वर्षांची पदवी घ्यायची. गावातून आजवर कोणी मुलगी त्या वाटेला गेली नव्हती. प्रवेश परीक्षेसाठी ती रोज एसटीने शिरपूरला जायची आणि परत आली की माझ्या खुंटीखाली बसून शरीरातल्या हाडांची नावं पाठ करायची. ती नावं मलाही पाठ झाली, पण मला कोण विचारतो?

नोव्हेंबर लागला आणि यादीत तिचं नाव आलं. जळगावच्या एका नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. त्या आठवड्यात घरात नुसती धांदल. पत्र्याची नवी पेटी आली. शिरपूरच्या शिंप्याकडून पांढरा गणवेश शिवून आला. पांढरे बूट आले, ते घालून ती शेणाने सारवलेल्या अंगणात टाचा उचलून चालायची. दाखले, त्यांच्या झेरॉक्स, फोटो, सगळं एका फाईलीत. राहिला होता फक्त तब्येतीचा दाखला. पुढच्या गुरुवारपर्यंत कॉलेजात हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला. बायका येता-जाता हाक मारायच्या, "काय वं नर्सबाई!" शीतल लाजायची आणि मनातून खूश व्हायची. मीही व्हायचो. माझ्या हाताखाली शिकलेली पोर होती ती.

नेमकं सोमवारी कस्तुराला पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला धुळ्याला जावं लागलं. पिशवी ती घरी ठेवून गेली.

मंगळवारी सकाळी विक्रमची बायको ललिता बाळंत झाली. विक्रम म्हणजे शीतलचा चुलत भाऊ. दोघं कापूस वेचायला शेतातल्या झोपडीत राहायला गेले होते. अजून तीन आठवडे बाकी होते, पण कळा अचानक आल्या. गाडीला फोन करेपर्यंत बाळ झालंसुद्धा. मुलगी. ललिताची पहिलीच. दोन वेळा तिची कूस मधेच रिकामी झाली होती, म्हणून ही पोर तिला काय होती ते मी वेगळं सांगत नाही. दाईने नाळ कापली आणि बैलगाडीतून मायलेकींना गावात आणलं.

कस्तुराला कळलं आणि तिचा धुळ्याहून फोन आला, आमच्या अहिराणीत. "शीतल, पिशवी ले नि भाबीकडे जाय. पोरनं वजन कर नि माले लगेच सांग. लालमा उनं तं सिस्टरले फोन कर, गाडी बलाव. थांबू नको."

शीतलने पिशवी खांद्याला लावली. मित्रांनो, खरं सांगतो, त्या दिवशी तिला घाई होती. अकराच्या एसटीने तब्येतीच्या दाखल्यासाठी शिरपूरला जायचं होतं. पण नुसती घाई असती तर ती चुकली नसती. ललिताच्या घरात सात-आठ बायका जमल्या होत्या. शीतल दारात दिसताच त्यांनी तिला वाट करून दिली, तिच्यासाठी पाट मांडला. कालपर्यंत कोंबडी तोलणारी पोर, आणि आज म्हाताऱ्या बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या. तिने मला पिशवीतून काढलं, झोळी टांगली आणि ऐटीत उभी राहिली.

बाहेर गार वारा सुटला होता. शीतल बाळाला उघडं करायला वाकली, तेव्हा ललिताने तिचा हात धरला.

"थंडी शे वं शीतल. पाचवी पुजाई नही अजून. उघडी करू नको तिले."

आमच्याकडे पाचव्या दिवशी पाचवी पुजेपर्यंत बाळाला चारचौघांत उघडं करत नाहीत. नजर लागते म्हणतात. कस्तुरा असती तर तिने आधी सगळ्या बायकांना बाहेर काढलं असतं, दार लावलं असतं, चुलीजवळ बसून बाळाला उघडं केलं असतं. ती नेहमी तसंच करायची. शीतल जराशी थांबली. मग तिने बाळाला गोधडीसकट उचललं. मनात म्हणाली असेल, गोधडीचं वजन नंतर वजा करू. मला तसंच वाटतं. निदान मला तसं वाटून घ्यायचं आहे.

आणि तिने बाळाला झोळीत ठेवलं. तिची बोटं माझ्या स्क्रूकडे गेलीच नाहीत. माझा काटा शून्यावर नव्हता, मित्रांनो! रिकाम्या झोळीनेच तो खाली उतरून बसला होता. मी ओरडलो असतो, पण मला तोंड कुठे आहे? तिने मूठ धरून मला उचललं. मी सरकलो, सरकलो आणि हिरव्यावर जाऊन थांबलो. दोन किलो सहाशे.

"हिरवामा शे!" शीतल म्हणाली.

केवढा आनंद झाला त्या घरात! एकीने शीतलच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "बठ्ठा गावले आते आपली नर्स भेटनी!" दुसरीने तिच्या तोंडात गूळ घातला. ललिता बाजेवर पडल्या पडल्या रडत हसत होती. त्या गडबडीत गोधडी वजा करायची राहून गेली. शीतलने वहीत लिहिलं, ललिताची मुलगी, दोन किलो सहाशे. नाव अजून ठेवलेलं नव्हतं. मग तिने आईला फोन केला आणि त्याच अकराच्या एसटीने शिरपूरला गेली. कस्तुराने कुंदा सिस्टरांना कळवलं, बाळ चांगलं आहे. सिस्टर दुसऱ्या गावच्या लसीकरणात होत्या. हिरव्यातल्या बाळासाठी कोणी धावत येत नाही. येण्याचं कारणही नसतं.

ती पोर दोन किलोचीही नव्हती, लालातलीच होती.

बुधवारी ती कमी प्यायली. गुरुवारी नुसती झोपून राहिली. घरात कोणीतरी म्हणालं, गुणाची पोर आहे, रडतच नाही. ललिताला शंका आली होती. पण तिलाच सगळ्यांनी समजावलं, अगं काटा हिरव्यात आला ना, मग कशाला जिवाला घोर लावून घेतेस? माझं नाव सांगून समजावलं तिला. हे मला नंतर कळलं, आणि तेव्हापासून मला माझ्या रंगांची शरम वाटते.

कस्तुरा शुक्रवारी संध्याकाळी उशिरा परतली. शनिवारी सकाळी दात घासले आणि चहा न घेताच मला घेऊन निघाली. बाळाच्या पायाला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. पाय गार पडले होते. तिने सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं, झोळी टांगली, स्क्रू पिळून मला शून्यावर आणलं, बाळाला उघडं करून झोळीत ठेवलं. मी लालवर थांबलो. एक किलो सातशे.

कस्तुराने बाळाला ललिताच्या उघड्या छातीशी लावलं, वरून दोघींना गुंडाळलं आणि विक्रमला जीप आणायला पळवलं. पिशवी तिच्या खांद्याला होती, म्हणून मीही जीपमध्ये होतो. रस्ता खराब. ललिता बाळाच्या कानाशी तोंड नेऊन सारखी बोलत होती, आलोच हं, आलोच हं शिरपूरला. शिरपूरच्या अलीकडे चारेक किलोमीटरवर कस्तुराने बाळाच्या नाकाशी बोट धरलं. मग तिने ते बोट काढलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, आता हळू चालव. ललिता मात्र बोलतच राहिली. दवाखान्याच्या दारापर्यंत बोलत राहिली.

अशी मुलं दगावली की चौकशी होते. सोमवारी कुंदा सिस्टर वही घेऊन कस्तुराच्या घरी आल्या. त्या चांगल्या बाई. कस्तुराचा हात हातात घेऊनच त्यांनी विचारलं, "कस्तुराताई, मंगळवारी दोन सहाशे आणि शनिवारी एक सातशे? चार दिवसांत बाळ एवढं कसं उतरेल गं?"

कस्तुराने खुंटीवर माझ्याकडे पाहिलं. मग शीतलकडे पाहिलं. शीतल पेटीत कपडे रचत होती. तिचे हात थांबले.

"शीतल, काटा शून्यवर लयना व्हता ना?"

शीतलचा चेहरा हळूहळू पांढराफटक पडत गेला, आणि कस्तुराला उत्तर मिळालं. कुंदा सिस्टरांनी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"लिवा," कस्तुरा म्हणाली. "मना नाववर लिवा. पिशवी मनी शे, काम मनं शे. पोरले मीच धाडं."

"माय, नको!" शीतल ओरडली आणि अनवाणी घराबाहेर पळाली.

ती ललिताकडे गेली होती. तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही. गावात ऐकलं ते असं, की शीतलने उंबऱ्यावर डोकं टेकून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ललिताने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. विक्रम बाहेर आला, कुऱ्हाडीच्या दांड्याकडे बघत उभा राहिला आणि पुन्हा आत गेला.

त्यानंतर शीतल जेवली नाही. पांढरे बूट तिने पेटीतून काढून बाहेर फेकले, कस्तुराने ते उचलून पुसून ठेवले. "माले नही जानं, माय," एवढंच ती म्हणायची. "मना हात कोनताच पोरले नही लागाले पाहिजे." कस्तुरा तिला जा म्हणाली नाही, राहा म्हणाली नाही. तिला स्वतःलाच कळत नव्हतं. मंगळवार गेला, बुधवार उजाडला. गुरुवार हा शेवटचा दिवस होता.

बुधवारी दुपारी ललिता दारात आली. ओली बाळंतीण, डोक्याला फडकं बांधलेलं. काखेत ती गोधडी. कस्तुरा घाईने उठली, पण ललिताने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ शीतलसमोर गेली आणि गोधडी तिच्या पुढ्यात ठेवली.

"हाई मोज."

"भाबी..."

"त्या दिनले जशी मोजी, तशीच मोज. नुसती गोधडी."

शीतलने मला खुंटीवरून काढलं. झोळी तिच्याकडून आकड्याला लागेना. शेवटी कस्तुराने आकडा धरला. शीतलने गोधडीची घडी झोळीत ठेवली आणि स्क्रूला हात न लावता मला उचललं. मी थांबलो. मित्रांनो, मला त्या क्षणी तुटून पडावंसं वाटलं. पण काट्याला तेवढीही मुभा नसते. जे टांगलं असेल ते दाखवावंच लागतं.

"कितलं शे?" ललिताने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

"साडेसातशे ग्रॅम."

ललिता काट्याजवळ वाकली. मग ती अगदी हळू म्हणाली, "म्हंजे इतली मनी पोर नव्हतीच."

तिने झोळीतून गोधडी काढून छातीशी धरली आणि मग तिला रडू फुटलं. पाच दिवसांत पहिल्यांदा रडली, असं कस्तुरा नंतर म्हणाली. शीतल तिच्या पायांशी बसली. "भाबी, मी मुद्दाम नही करं वं. माले माफ कर."

"माफ करता येत नही माले." ललिताने पदराने नाक पुसलं. "पन तू जाय. जळगावले जाय. आठे राहिनी तं रोज दिसशी माले."

एवढं बोलून ती निघून गेली.

अशी निघाली शीतल नर्स व्हायला. ज्या दिवसाची घरादाराने वाट पाहिली, त्या दिवशी कोणी गूळ वाटला नाही, कोणी हाक मारली नाही. गुरुवारी पहिल्या एसटीसाठी कस्तुराने पेटी डोक्यावर घेतली, शीतल मागून फाईल छातीशी धरून चालली. शिरपूर, चोपडा, जळगाव. दुपारी तिचा फोन आला, पोचले, नाव लागलं. कस्तुरा बरं म्हणाली आणि फोन हातात धरून अंगणात बसून राहिली.

आता कस्तुराला नवा काटा मिळाला आहे. त्याच्यावर आकडे उजेडात उमटतात. माझी झोळी उतरवून ठेवली आहे आणि मी खुंटीवर नुसता आहे. माझी स्प्रिंग थकली, गंज चढला, त्याचं मला फारसं वाटत नाही. ललिता आमच्या दारावरून पाण्याला जाते, आणि जाताना मान दुसरीकडे वळवते. त्याचं वाटतं.

परवा शीतलचा फोन आला. वर्गात मॅडमनी विचारलं होतं, तुमच्यापैकी कोणी नवजात बाळाचं वजन केलं आहे का? सगळ्या मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. शीतलनेही हात वर केला नाही. ते सांगताना ती हुंदके देऊन रडत होती. कस्तुरा म्हणाली, "पुढली बारीले वर कर. नि काय चुकनं ते सांग त्यासले."

मित्रांनो, मला कोणी तेल घालावं, पुसावं, कपाटात जपावं असं माझं काही मागणं नाही. तुमच्यापैकी कोणी उद्या नर्स होईल, कोणी डॉक्टर, कोणी आशाताई. तेव्हा भोवती लोक तुमचं कौतुक करत असतील, तुम्हाला एसटी गाठायची असेल, बाहेर गार वारा असेल आणि बाळाची आई तुमचा हात धरत असेल. तरीसुद्धा आधी रिकाम्या झोळीकडे बघा. त्याला फार तर अर्धं मिनिट लागतं. मी चुकलो तर स्क्रू पिळून मला पुन्हा नीट करता येतं. ललिताला तसं काही करता येत नाही.